इसाराची मेंढी

लॅपटॉपच्या पडद्यावर कारभारी कुबडीशिवाय उभा होता. दोन्ही गुडघ्यांत मेंढी आवळलेली, एका हातानं तिचा जबडा उघडलेला. आणि कोर्टाच्या पिंजऱ्यात तोच कारभारी काखेत कुबडी घेऊन घाम पुसत होता. मागच्या बाकावरून सारजाबाईला आपला नवरा असा दोन ठिकाणी दिसत होता.

मागल्या साली पडेगावजवळ एका मोटारीनं मेंढरांसकट त्याला उडवलं होतं. मोटारीच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळाली तर पायातली सळई बदलायची, नाहीतर पाय गुडघ्याखालून काढायचा, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आणि आता कंपनीचे वकील न्यायाधीशांना पडदा दाखवून विचारत होते, पाय निकामी झालाय म्हणता, मग हे काय आहे?

मेघाताई, कारभारीच्या वकील, गर्रकन मागं वळल्या. हे मला का नाही सांगितलं, एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं. सारजाबाईनं मान खाली घातली. काय सांगायचं होतं त्यात? दारात गिऱ्हाईक आलं हे का वकिलाला सांगायचं असतं? चार महिन्यांपूर्वी एक जाड मिशीचा माणूस मोटारसायकलवरून आला, मेंढी घ्यायची म्हणाला. मेंढी मालकानं स्वतः धरायची, तोंड उघडून दात दाखवायचे, ही धनगराची रीत. बायकोनं धरली तर गिऱ्हाईकाला वाटतं, जनावरात खोट असणार, म्हणून मालक पुढं येईना. तिनं किती सांगितलं, मी धरते. पण ऐकेल तर तो कारभारी कसला! कुबडी कुडाला टेकवली अन् उठला.

मोटारसायकल वळणाआड गेली आणि तो तिथंच लेंड्यांत कोसळला. तिनं त्याला ओढत बाजेपर्यंत नेलं. पुढं आठ दिवस जखम वाहत होती. त्यातलं काहीच पडद्यावर नव्हतं. पडद्यावर नुसते चाळीस सेकंद होते, तेही मुके. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मघाशीच मधे बोलली म्हणून शिपायानं दटावलं होतं. ती पदराचं टोक पिळत बसली.

मेघाताईंनी साक्षीदाराला खुर्ची देण्याची विनंती केली. कंपनीचे वकील हसले. मेंढी धरून उभं राहता येतं, तर इथंही राहतील की थोडा वेळ, म्हणाले.

"पडद्यावरचा माणूस तुम्हीच ना?" त्यांनी कारभारीला विचारलं.

नाय म्हण, सारजाबाई मनात म्हणाली. भाऊ हाय म्हण. काय बी म्हण.

"व्हय, मीच."

"हातात कुबडी नाही."

"नाय."

टायपिस्टची बोटं खडखडली. मेघाताईंच्या हातातलं पेन थांबलं. गेला पाय, सारजाबाईला वाटलं. खरं बोलायची एवढी हौस, मग आता बस म्हणावं आयुष्यभर एका पायावर. तिला त्याचा राग आला आणि त्याच्यासाठी रडूही आलं.

कंपनीच्या वकिलांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण जिंकत आलेल्या माणसाला राहवत नाही. मागच्या खुर्चीत एक जण आरामात रेलून बसला होता, त्याच्याकडं त्यांनी बोट केलं. हे आमच्या कंपनीचे तपास अधिकारी, ही फिल्म यांनीच काढली. तुम्ही उभं राहावं म्हणून यांनी काही जबरदस्ती केली होती का?

कारभारीनं त्या माणसाला आता कुठं नीट पाहिलं. ती जाड मिशी ओळखीची निघाली आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. सारजाबाईनं लांबूनच मान हलवली, नको, नको. त्याचं लक्षच नव्हतं.

"आवो पाव्हणं, कुठं व्हता तुम्ही?" तो म्हणाला. "किती फोन लावले. तुमची मेंढी राखून ठिवली हाय."

न्यायाधीशांनी कागदावर झुकलेली मान वर केली. कोणती मेंढी, त्यांनी विचारलं.

मग कारभारी सावकाश सांगत गेला. याच पाहुण्यांनी पाचशे रुपये इसार दिला होता, दोन दिवसांत येऊन मेंढी नेतो म्हणाले होते. इसार एकदा हातात घेतला की मेंढी गिऱ्हाईकाची, मालकानं नुसती सांभाळायची. बाकीचा कळप त्यानं आधीच लासूर स्टेशनच्या बाजारात विकला होता, मेंढरामागं चालायला पाय राहिला नाही म्हणून. ही एकच गाभण म्हणून मागं ठेवलेली. नंतर दोघं जण जादा भाव घेऊन आले होते. औषधाला पैसा नव्हता, तरी त्यानं त्यांना परत पाठवलं. दुसऱ्याची मेंढी कशी विकणार?

"आन् ती व्याली बरं का, पाव्हणं," तो त्या माणसाला म्हणाला. "कोकरू बी तुमचंच. माझ्यानं आता त्यांचं चारापाणी व्हत नाय. कवा नेता?"

मिशीवाला स्वतःच्या बुटांकडं बघू लागला. वकील घाईघाईनं उठले, याचा दाव्याशी काही संबंध नाही म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांना हातानंच खाली बसवलं आणि टायपिस्टला सांगितलं, साक्षीदार बोलले ते सगळं घ्या, एक शब्द गाळू नका. मग त्यांची नजर पिंजऱ्याच्या खालच्या भागाकडं गेली. कारभारीचा पाय लटलटत होता. धोतरावर गुडघ्याखाली ओला डाग पडला होता.

"आधी यांना खुर्ची द्या," ते शिपायाला म्हणाले आणि मिशीवाल्याकडं वळले. "तुम्ही उभे राहा. ते काय विचारताहेत? मेंढी कधी नेताय?"