तिसरी रेजिमेंट

दोन की तीन, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धातल्या त्या इटालियन डिव्हिजनमध्ये पायदळाच्या दोनच रेजिमेंट होत्या, असं इटलीचं लष्करी पुस्तक सांगत होतं. ब्रिटिशांनी युद्धात छापलेली पुस्तिका छातीठोकपणे तीन म्हणत होती. आणि हिमानीच्या सासऱ्यांचे वडील, अँजेलो, नेमके तिसऱ्या रेजिमेंटचे.

सासऱ्यांचं नाव जो, पण हिमानी त्यांना बाबाच म्हणायची. वडिलांचं नाव त्यांच्या गावच्या स्मारकावर कोरावं म्हणून बाबांनी इटलीला अर्ज केला होता. गावानं कळवलं, अशी रेजिमेंट नव्हतीच. असा माणूसही कुणाला आठवत नाही. पंचाहत्तरी ओलांडल्यावर आपला बाप खोटारडा ठरावा, हे फार वाईट. तेव्हापासून बाबा अर्ध्या जेवणावरून उठत. हिमानी अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात ग्रंथपाल, कामापुरती इटालियन शिकलेली नागपूरची मुलगी. मी शोधते म्हणून बोलून गेली आणि अडकली.

अँजेलो मुलखाचे अबोल. युद्धानंतर कागदपत्रं खिशात घालून अमेरिकेत आले. आईचं नाव विचारलं, तर कागद काढून वाचून सांगत. युद्धाआधीचं काही विचारलं, तर म्हणत, माझं सगळं रेजिमेंटपासूनच सुरू होतं. घरात त्याचा विनोद झाला होता.

शनिवारी दुपारी, बाहेर बर्फ पडत असताना, इटलीहून मागवलेला कागद ईमेलनं आला. डिव्हिजनच्या एका कारकुनाचा युद्धानंतरचा जबाब होता. समोर बाबा पाच वर्षांच्या आन्याला, हिमानीच्या लेकीला, मांडीवर घेऊन बसले होते.

हिमानी वाचू लागली. तिसरी रेजिमेंट कधी नव्हतीच. शत्रूला फसवायचा वरून हुकूम आला आणि कारकुनानं ती कागदावर उभी केली. ब्रिटिश फसलेही. माणसांची नावं, गावं, त्यांच्या आयांची नावं, सगळं त्यानं मनानं रचलं. त्यातला एकही माणूस खरा नाही, असं त्यानं शपथेवर लिहून दिलं होतं. शेवटी एक आळसही कबूल केला होता. शेकडो माणसांना ओळखीची नवी नवी खूण कुठून आणायची? म्हणून सगळ्यांना एकच दिली. डाव्या कानामागे मसुराएवढा तीळ.

 हीटर चालू असूनही हिमानीला हुडहुडी भरली.

"काय म्हणतो कागद?" बाबांनी विचारलं. "जे असेल ते खरं सांग."

"तीन होत्या, बाबा."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी मान वाकवून आन्याच्या केसांचा मुका घेतला. हिमानीनं दोघांच्याही कानांकडे पाहायचं टाळलं. आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही, भीती मात्र वाटली. आन्या जन्मली तेव्हा नागपूरहून आलेली आई पहिल्याच आंघोळीला हसून म्हणाली होती, "हिला तीट कशाला लावायची गं? डाव्या कानामागे घेऊनच आलीय पोरगी."