दत्ताच्या कानाचं मशीन

एकदा संध्याकाळी सात वाजता दत्ताने ताट नंदाच्या गालावर भिरकावलं आणि तिच्या पाठीत लाथ घातली. "हाक मारली तर ओ देत नाय?"

तिने तीनदा ओ दिली होती. रोह्यातल्या शेडमध्ये वर्षानुवर्षं ग्राइंडर चालवून नवऱ्याचे कान गेलेत, हे तिला कळून चुकलं. ती त्याला पेणला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"ताई, तुमचा गाल सुजलाय," डॉक्टर म्हणाले.

"माझं राहू द्या. आधी ह्यांचे कान बघा."

दत्ताला मशीन लागलं. काल त्याने हाक मारली. "व्हय, आले," नंदा सवयीने मोठ्याने म्हणाली. त्याला लख्ख ऐकू आलं.

"ओरडतेस कुणावर गो?" म्हणत त्याने तिच्या कानशिलात लगावली.



नंदाच्या डाव्या कानातून कालपासून रक्त येतंय. ती अजून डॉक्टरांकडे गेलेली नाही.