अगं, पान!

डोंगरावरच्या त्या जुन्या गावात दर वसंतात संगीत महोत्सव भरे. वाद्यवृंदात नवरा-बायको स्वरलिपीच्या एकाच स्टँडसमोर बसून व्हायोलिन वाजवायचे. पान उलटायचं काम तिचं. तेवढ्यापुरती ती थांबायची, तो वाजवत राहायचा. घरी सरावात तिला उशीर झाला, की पठ्ठ्या पानावरचा शेवटचा सूर ती पान उलटेपर्यंत ताणत बसायचा. "अगं, पान!"

हिवाळ्यात तो गेला. यंदा त्याची खुर्ची तिनं हट्टानं तशीच ठेवायला लावली.

पहिलं पान उलटायला तिनं गज थांबवला, आणि शेजारून व्हायोलिन ऐकू आलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मागच्या रांगेतल्या बाईनं वाकून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, आणि तिचा सूर चुकला.

ही मात्र पानामागून पान उलटत गेली.

रचना संपली. सगळ्यांचे गज खाली आले. शेजारचा शेवटचा सूर मात्र ताणलेलाच राहिला. टाळ्या वाजेनात. वाद्यवृंदाच्या संचालकांनी तिच्याकडे डोळे वटारले. तिचं व्हायोलिन तर मांडीवर होतं.

"अहो, पुरे," ती कुजबुजली. "संपलं."

सूर थांबेना. सवयीनं तिचा हात स्टँडकडे गेला.

उलटायला पानच उरलं नव्हतं.