हरीण दिसेपर्यंत

"बाबा, चकली जरा हळू चावा ना. हरीण पळेल," इरा कुजबुजली.

"बरं बरं," म्हणत पद्माकररावांनी दुसरी चकली काढली आणि पहिलीपेक्षा जोरात चावली.

मंडाईच्या रानात, रस्त्याकडेच्या झाडीशी सासरा आणि सून जुनी हिरवी चादर पांघरून दबा धरून बसले होते. हत्यार म्हणजे कुणीतरी वापरून विकायला काढलेला कॅमेरा, तोही मधूनमधून अडकणारा. चांगली लेन्स भाड्याने आणू या, असं अमेय म्हणाला होता. पण पद्माकररावांनी मुलाला ठणकावून सांगितलं, "काही नको उगाच खर्च! आम्ही नवशिके, आम्हाला एवढं पुरे." चांगली लेन्स आणली आणि हरीण खरंच हाती लागलं म्हणजे?

कारण हरणाचा फोटो मिळाला की त्यांना पुण्याला परत जायचं होतं. म्हणजे जावं लागणार होतं.

त्याचं झालं असं. पद्माकरराव इकडे परदेशात, मुलाच्या बिशानच्या फ्लॅटमध्ये आले आणि मस्त रमले. सकाळी हॉकर सेंटरच्या खाऊटपऱ्यांवर कॉफी, दुपारी लायब्ररी, संध्याकाळी इरा वन-नॉर्थच्या ऑफिसातून आली की तिच्याशी गप्पा. तिकडे पुण्यात, बायको अरुणा गेल्यापासून, भिंतींशी बोलायचं आणि डब्यातली तीच ती आमटी ओरपायची. पण "मी इथेच राहू का रे?" हे पोराला विचारायचं कसं? सुनेच्या संसारात सासऱ्याने किती दिवस ठाण मांडायचं याला काही रीत असते, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे एकदा जेवताना अमेयने सहज विचारलं, "बाबा, परतीचं तिकीट कधीचं बघू?" तेव्हा ते पार गडबडले.

"बघ की. इथल्या रानातल्या हरणाचा एक फोटो काढला की मी मोकळा!"

मॉलच्या या गावात हरीण कुठलं यायला? सुटलो, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात वरण वाढता वाढता इराने मान वर केली. "अय्या, आहेत की बाबा! मंडाईला सांबरं आहेत."

"मंडईत? भाजी घ्यायला येतात का?" पद्माकरराव हसले खरे, पण हातातला घास परत ताटात ठेवला.

त्या शनिवारपासून पोरगी हात धुऊन हरणामागे लागली. पहाटेचा अलार्म तिचा, पहिली बस पकडायची घाई तिची. "उठा बाबा, आज नक्की दिसणार!" पद्माकरराव मनातून खट्टू झाले. इरा गुणी, तोंडाने कधी बोलायची नाही. पण आपण तिला जड झालोय, हे उघडच होतं. नाहीतर सुट्टीची झोप मोडून सासऱ्यासाठी रान तुडवायला कोण जातंय?

मग त्यांनीही कंबर कसली. हिला आपल्याला घालवायचंय ना? बघू कशी घालवते! ऐन वेळी शिंक काढायची, पाय आखडला म्हणून कण्हायचं, मोबाईल मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवायचा.

त्यातून नशिबाची साथ होती. इरा एवढी इंजिनिअर, पण या कामात अगदीच कच्ची. पद्माकररावांनी गुपचूप वाचून ठेवलं होतं, की वारा आपल्याकडून हरणाकडे जाता कामा नये, वासानेच ते बिथरतं. इरा नेमकी उलटी जागा धरायची. डासांसाठी असलं झणझणीत तेल चोपडायची की अख्ख्या रानाला खबर. शिवाय खाऊ म्हणून चकल्या, त्याही चांगल्या कडक. पद्माकररावांनी तिची एकही चूक तिला दाखवली नाही. कशाला दाखवतील?

आणि खरं सांगायचं तर धमाल यायची. ती आपल्या बॉसची नक्कल करायची, हे अरुणाने पहिल्यांदा केलेल्या करपलेल्या पुरणपोळीचा किस्सा सांगायचे, आणि चादरीखाली दोघं खुसुखुसु हसत बसायचे. इतकं ते कित्येक वर्षांत हसले नव्हते.

आज मात्र एक सायकलवाला शेजारी थांबला. "डिअर आह, अंकल? यस्टरडे गॉट थ्री, लाह!" काल तीन दिसली म्हणत, अंगठा दाखवून तो निघून गेला. पद्माकररावांनी घाईने आणखी एक चकली काढली.

आणि खरंच, समोरची पानं हलली.

सांबर बाहेर आलं. चांगलं दांडगं, डोक्यावर शिंगांचा पसारा, अंगावर सकाळचं कोवळं ऊन. त्यांच्याकडे बघत मजेत कान हलवत उभं राहिलं. पद्माकरराव क्षणभर सगळं विसरले. काय देखणं जनावर!

हातात चकली होती. एकदा चावली की काम झालं असतं.

त्यांनी शेजारी पाहिलं. इराच्या डोळ्याला कॅमेरा, श्वास रोखलेला, बोट बटणावर. किती शनिवार राबली बिचारी! त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पुरे झाला चिवटपणा. पोरांना त्यांचं घर मोकळं करून द्यायला हवं. त्यांनी चकली अलगद डब्यात ठेवली.

"काढ, इरा," ते अगदी हळू म्हणाले. "सोन्यासारखा फोटो येईल. आजच तिकीट काढायला सांगू अमेयला."

इराने कॅमेरा खाली ठेवला. ताडकन उभी राहिली आणि जोरजोरात टाळ्या पिटत थेट सांबराच्या दिशेने धावत सुटली.

"हाड! हाड! पळ मेल्या, पळ!"