पितळी फासे

सेतुरामने डाव्या हाताने फासे टाकले. एकावर तीन पडले, दुसऱ्यावर दोन, आणि तिसरा कोऱ्या बाजूवर थांबला.

पट रघोजीरावांच्या ओसरीवर मांडला होता. खेळ त्यांचा जावई गोपालकृष्ण बंगळूरहून घेऊन आला होता. त्यात फासे म्हणजेच मजूर. जेवढे दान पडेल तेवढे त्या मजुराचे बळ. मग त्याला शेतावर, कालव्यावर नाहीतर गिरणीत ठेवायचे. पेटीतले फासे तिघांनाच पुरले. सेतुराम चौथा, म्हणून त्याला घरातले दायम खेळायचे पितळी फासे दिले. बोटाएवढे लांब, हाताला जड. त्यांना चारच बाजू: एक, दोन, तीन आणि कोरी.

सेतुराम खेळायला आला नव्हता. चैत्रात रघोजीरावांच्या गिरणीतल्या पट्ट्याने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला होता. सोमवारपासून कामावर येऊ का, एवढेच त्याला विचारायचे होते. रघोजीराव म्हणाले, एक माणूस कमी पडतो आहे, बस, डाव झाला की बोलू.

गोपालकृष्णाच्या मते खेळ उत्तम होता, सगळा डोक्याचा. त्याची बायको सौम्या म्हणाली, ज्याला सारखा एकच पडतो त्याने डोके चालवायचे कुठे? रघोजीराव जिंकत होते. त्यांना खेळ अगदी खरा वाटत होता.

कोऱ्या फाशाचे काय करायचे, ते मात्र नियमांच्या पुस्तकात नव्हते.

"आजारी धरू या, अप्पा," सौम्या म्हणाली. "एक फेरी बसेल, मग येईल परत."

"बसलेल्याला भात कोण घालणार?" रघोजीरावांनी तो फासा उचलून रिकाम्या पेटीत टाकला. "कोरा आला की बाहेर."

"पुढच्या फेरीत त्याला तीन पडले असते, राव," सेतुराम म्हणाला.

"असते रे. गिरणी थांबते काय त्याच्यासाठी?" रघोजीरावांनी कॉफीचा घोट घेतला. "तुझ्या सोमवारचंही तेच धर, सेतुराम. सरि, पुढे खेळा."

सेतुरामने मान हलवली. पेटीतून फासा काढला आणि समोर बसलेल्या रघोजीरावांच्या तोंडावर मारला. दात फुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. रघोजीराव पटावर वाकले. रक्त कालव्याच्या घरांतून शेतांत उतरले.

गोपालकृष्णाने मागून झेप घेऊन त्याचा उजवा हात धरला. मुठीत नुसती बाही आली आणि खांद्यापासून फाटली. तोवर सेतुरामने पडलेला फासा पुन्हा उचलला होता. तो मुठीत घट्ट धरून त्याने रघोजीरावांच्या भुवईवर एकदा मारला, मग आणखी एकदा. सौम्या भिंतीला चिकटून उभी राहिली.

मग तो खाली बसला. फासा धोतराला पुसला, कोरी बाजू वर करून गिरणीच्या घरात ठेवला.

"टाका, राव," तो म्हणाला. "तुमची पाळी."