कपाटातली पाटी

सासूला नातीसमोर अडाणी म्हणायचं, ही कुठली रीत? वसुधाबाईंच्या मनातून ते जाईना. जावई अमेरिकेत श्रूजबरीतला मोठा डॉक्टर असेल, पण जिभेला काही हाड?

निमित्त काय, तर काचेच्या कपाटातली तळहाताएवढी मातीची पाटी. बाबिलोनची, चार हजार वर्षांची, न्यूयॉर्कच्या लिलावातली. वसुधाबाईंना ती वाळत टाकून विसरलेल्या शेणीसारखी दिसे. वर चिमणीनं पाय उमटवल्यासारखी अक्षरं.

दीपानं विचारलं होतं, “आजी, व्हॉट डझ इट से?”

पुरुषोत्तम हसला होता. “आजीला काय विचारतेस? ती अडाणी. तिची शाळा पहिलीतच संपली. आस्क मी.”

पहिली तर पहिली. एकाचे आकडे मांडून पाटीवर सरस्वती काढता येत होती. पुढं कुणी शिकू दिलं नाही, त्याला त्या काय करणार?

आज दसरा. सकाळी पूजेला मांडायचं सगळं त्यांनीच धुऊन घेतलं. सुऱ्या, विळी, पाट्या. मग दीपाच्या पाटीवर तिचा हात धरून सरस्वती काढली.

दुपारी सुनेत्रा करवादली, “आई, सिंक कशानं तुंबलंय? आणि ओव्हन का गरम? स्वयंपाक तर कधीच झाला.”

“उरलेलं सारलं गं काहीतरी,” लेकीकडे न बघताच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मंडळी जमली. हेमचंद्रकाका कपाटाशी वाकले. “अहो डॉक्टर, हे खरंच वाचता येतं तुम्हाला?”

“दोन वर्षं स्टडी करतोय, काका. काच मात्र उघडत नाही हं, हवा लागते.” पुरुषोत्तमनं टॉर्च धरला, बोट फिरवलं. “ही राजाची आज्ञा. देवळाला सहाशे मेंढ्या द्याव्यात. आणि खाली शाप. जो ही पाटी मोडेल, त्याचा वंश बुडेल.”

“वा! काय व्यासंग!”

दीपा डोळे विस्फारून बापाकडे बघत राहिली.

वसुधाबाईंनी हातातलं पूजेचं ताट खाली ठेवलं.

“पुरुषोत्तमराव, तुमचा राजा सकाळी माझ्या हातून नळाखाली विरघळला. चारचौघांत कबूल करणार होते मी. पण आता तुम्ही वाचलीत ती माझी चहात मळलेली कणिक, अन् तिच्यावर दीपाच्या पाटीवरच्याच चार सरस्वती. अडाणी कोण, तेही वाचून दाखवा की पोरीला!”