बंदूक ठेव, घरी ये

"तुम्ही एवढंच सांगायचं," वकीलबाई म्हणाल्या, "की गाणं शत्रूचं असलं तरी आता ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. बस्स. पुढचं मी बघते."

आजोबांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे शेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीला कळलं नाही. गेले नऊ दिवस तिला आपल्या बापाचं काहीच कळत नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी तिची मुलगी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून गात होती. सोबत चाळीसेक पोरं. सीमेवर पुन्हा लढाई पेटली होती आणि पोरांनी जुनंच गाणं बाहेर काढलं होतं. दर लढाईत ते कुणी ना कुणी काढतंच. 'आई उभी विहिरीवर, बंदूक ठेव, घरी ये.' बाकीच्यांना पोलिसांनी दम देऊन सोडलं. हिच्या हातात गिटार होती, म्हणून ही पुढारी ठरली.

गाणं मूळचं सीमेपलीकडचं, त्यांच्या भाषेतलं, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. आणि लढाईच्या दिवसांत शत्रूचं गाणं गायलं तर नव्या कायद्यानं सात वर्षं.

साक्षीला ती भाषा जाणणारा माणूस हवा होता. काखेत कळसा म्हणतात तसं, तो घरातच होता. आजोबांनी उभी हयात लष्कराच्या भाषांतर विभागात काढलेली. पण त्या गाण्याचा नुसता विषय निघाला तरी म्हातारा उठून जायचा. नात लहानपणी गुणगुणायची, तेव्हाही हे तरातरा गॅलरीत. घरचे म्हणायचे, जाऊ दे, लष्करातला माणूस, त्याला असली रडगाणी खपायची नाहीत.

आदल्या दिवशी लेकीनं शेवटचं विचारून पाहिलं होतं.

"बाबा, सात वर्षं. ती सुटून येईल तेव्हा तुम्ही असाल का? राग मानू नका, सरळच विचारते."

"नसेन."

"मग बोला ना तिच्यासाठी."

"बोललो तर ती पुन्हा माझ्याशी बोलायची नाही."

"काहीतरीच काय! जीव टाकते ती तुमच्यावर."

"म्हणून तर," आजोबा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

लेकीनं त्यांना जेवायला वाढलं आणि मोरीचा नळ सोडून ती रडली. एवढा राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता. रात्रभर मनात येत होतं, उद्या ऐन वेळी हा माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसणार.

सुनावणीची खोली शाळेतल्या वर्गाएवढीच होती. नात दोन शिपायांच्या मध्ये बसलेली. नऊ दिवसांत पोरगी निम्मी झाली होती. आजोबांना पाहून ती हसली.

"गाणं कुणाचं?" चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं.

पढवलेलं वाक्य आजोबा म्हणालेच नाहीत.

"आपलं," ते म्हणाले. "मी लिहिलं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. अधिकारी मात्र रागावला नाही.

"आजोबा, नातीसाठी माणूस काहीही बोलतो. मीही बोललो असतो. पण पुरावा?"

"गाण्यात विहीर आहे. त्यांचा मुलूख सगळा खाडीचा. कितीही खणा, पाणी खारटच. तिथे कुणी विहीर खणतच नाही, पावसाचं पाणी टाक्यांत साठवतात. मी तो मुलूख कधी पाहिला नव्हता. पुस्तकं वाचून त्यांची भाषा शिकलो. आईची ओळ लिहायची वेळ आली तेव्हा मला आपली माझीच आई आठवली. ती विहिरीवर उभी राहायची."

"मग ते तिकडचं कसं ठरलं?"

"आमचा विभाग त्यांच्या नावानं एक खोटं रेडिओ केंद्र चालवायचा. त्यांच्या सैनिकांनी ऐकावं म्हणून त्यावर हे गाणं लावायचा. पण ते आपल्याही लोकांनी ऐकलं. त्यांना वाटलं, पलीकडचंच गाणं. कुणीतरी आपल्या भाषेत आणलं आणि ते गावभर झालं. आम्हाला तोंड उघडायची मनाई होती."

त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला. अधिकाऱ्यानं शिक्का उजेडात धरून पाहिला, सही पाहिली, पहिली ओळ वाचली आणि खुर्चीत सरळ बसला.

"मग इथे गुन्हाच होत नाही. हे तर सरकारी गाणं आहे. मुलीला सोडा."

बापाबद्दल नऊ दिवस काय काय मनात आणलं होतं, ते आठवून लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नात धावत आली आणि आजोबांच्या गळ्यात पडली.

"तुम्ही लिहिलंत? आणि मला कधी सांगितलं नाहीत? अहो आजोबा, या गाण्यावर तर मी वाढले." मग तिनं जरा हळूच विचारलं, "ते ऐकून कुणी खरंच बंदूक ठेवली का हो?"

आजोबा तिच्याकडे पाहीनात. "साहेब, सुटली ना ती? मग तो कागद परत द्या."

"देतो की. पण नोंदीत घ्यायचा तर सगळ्यांसमोर वाचावा लागतो, नियमच आहे आमचा."

"आधी हिला बाहेर पाठवा."

"मी कुठ्ठे जाणार नाही," नात म्हणाली आणि आजोबांचा हात घट्ट धरून उभी राहिली.

अधिकाऱ्यानं चष्मा नाकावर सरकवला आणि सरकारी आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'या गीताबद्दल विभागातील भाषांतरकारास पदक देण्यात येत आहे. गीत ऐकून पूर्व आघाडीवर शत्रूचे एकशे चौदा सैनिक हत्यारे ठेवून, हात वर करून बाहेर आले. योजनेप्रमाणे त्या सर्वांना जागीच गोळ्या घालण्यात आल्या.'"